शंभरातले त्रेचाळीस

पंप बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता प्रणिता बोरसे यंत्रासमोर बसली, तेव्हा पडद्यावरचा यंत्रातल्या निर्वात पोकळीचा आकडा इतका चांगला होता की तिने आधी मापकावरच संशय घेतला. अस्लम इनामदार हसला. यंत्राच्या देखभालीसाठी आलेला हा पन्नाशीचा अभियंता आदल्या दुपारपासून सिन्नरच्या त्या औषध कारखान्यातच होता.

"मॅडम, चांगलं झालं तरी तुम्हाला पटत नाही," तो म्हणाला. "माझी बायको अशीच आहे. भाजी ताजी निघाली की म्हणते, भाजीवाल्याने काहीतरी फवारलंय."

दुरुस्तीनंतर आधी एखादा ओळखीचा, खात्रीचा नमुना चालवून पाहायचा, ही त्या प्रयोगशाळेची रीत होती. प्रणिताने शीतपेटीतून सतराव्या खेपेचा राखून ठेवलेला नमुना काढला आणि बर्फात वितळत ठेवला. पंधरा दिवसांपूर्वी तिनेच तो मोजला होता, उत्तीर्ण केला होता आणि अहवालाखाली सही केली होती. त्या खेपेच्या पाच बाटल्या भरल्या होत्या. चार आधीच दूरच्या रुग्णालयांकडे गेल्या होत्या आणि पाचवी काल संध्याकाळी कोरड्या बर्फात नाशिकच्या रुग्णालयाकडे रवाना झाली होती. आज दुपारी दोनच्या सुमाराला ती शार्वीला शिरेतून दिली जाणार होती. शार्वी म्हणजे प्रणिताच्या धाकट्या भावाची, चेतनची मुलगी.

शार्वी बावीस महिन्यांची होती आणि अजून बसत नव्हती. एक जनुक जन्मतःच बिघडलेलं असल्यामुळे स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जाव्यात, असा तो आजार. त्यावर उपाय निघाला होता. एका निरुपद्रवी विषाणूच्या आतलं सगळं काढून टाकायचं, त्याच्या पोकळ कवचात चांगलं जनुक भरायचं आणि अशी असंख्य कवचं रक्तात सोडायची. ती पेशींपर्यंत पोचतात आणि जनुक आत सोडतात. मात्र दोन अटी होत्या. मूल दोन वर्षांच्या आतलं हवं, कारण वजन वाढलं की लागणाऱ्या कवचांची संख्याही वाढते आणि एका मर्यादेपलीकडे यकृत ती पेलू शकत नाही. दुसरी अट अधिक कठोर होती. हे औषध आयुष्यात एकदाच घेता येतं. कवचं एकदा रक्तात आली की शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि पुन्हा दिलेलं औषध वाटेतच पकडलं जातं. आलेलं कवच भरलेलं होतं की रिकामं, याच्याशी शरीराला काही देणंघेणं नसतं.

म्हणून प्रत्येक खेपेत भरलेली किती आणि रिकामी किती हे मोजावं लागे, आणि ते सोपं नव्हतं. वस्तुमान मोजणाऱ्या साध्या यंत्रात रेणूंवर विद्युतभार चढवून त्यांना पळवतात. हाती येतो तो भागाकार: वस्तुमान भागिले भार. छोट्या रेणूवर एखाददुसराच भार असतो, त्यामुळे हिशोब लागतो. पण विषाणूच्या कवचावर दीडशे भार बसतात, शेजारच्यावर एकशे त्रेपन्न, पलीकडच्यावर एकशे सत्तेचाळीस. लाखो कवचं एकदम मोजली तर सगळे भागाकार एकमेकांत मिसळून नुसता ढिगारा दिसतो.

प्रणिताचं यंत्र एका वेळी एकच कवच मोजत असे. पोकळीत विजेचे दोन आरसे समोरासमोर, आणि त्यांच्या मधोमध धातूची एक बारीक नळी. भारित कवच, म्हणजे एकच आयन, या आरशांमध्ये येरझारा घालत राहतो आणि दर फेरीला नळीतून आरपार जातो. फेऱ्या किती वेगाने होतात यावरून भागाकार मिळतो. जाताना नळीत जेवढी वीज जागी होते, तेवढा त्याच्यावरचा भार. दोघांचा गुणाकार केला की वजन हाती येतं. रिकामं कवच हायड्रोजनच्या अणूच्या सदतीस लाख पट. भरलेलं बावन्न लाख पट. एकेक करून काही हजार कवचं मोजली की पडद्यावर दोन वेगळे डोंगर उभे राहत, आणि त्यात शंकेला जागा नसे.

कागदावर मुलांची नावं नसत, सांकेतिक क्रमांक असत. पण वजन, वय आणि तारीख वाचून प्रणिताला कोणता क्रमांक कोणाचा हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. नातेवाईक रुग्ण असेल तर तसं कळवायचं असा नियम होता. कळवलं असतं तर सतराव्या खेपेचं काम दुसऱ्याकडे गेलं असतं. तिने कळवलं नाही. दुसऱ्याच्या हाताने मोजलेल्या आकड्यावर तिचा विश्वास बसला नसता.

तासाभरात निकाल आला. भरलेली एक्क्याण्णव टक्के. पंधरा दिवसांपूर्वीही तेवढीच होती. तिला हायसं वाटलं.

इनामदार मात्र पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातला आकडा पाहत होता. "पळपुटे अजून चौतीस टक्के आहेत," तो म्हणाला.

येरझारा घालता घालता मध्येच सापळ्यातून निसटून जाणाऱ्या आयनांना प्रयोगशाळेत पळपुटे म्हणत. पोकळीत हवेचा एखादा भरकटलेला रेणू उरलेला असतो, त्याला धडकून आयन बाहेर फेकला जातो, असं सगळे धरून चालत. अर्धवट मोजलेल्या आयनाचं वजन खात्रीचं नसतं. म्हणून सहा वर्षांपूर्वी प्रणितानेच गणकयंत्रात एक गाळणी लिहिली होती: सेकंदाचा दहावा भाग जो टिकला नाही, तो मोजणीतून बाद. आलेख स्वच्छ दिसू लागले होते. पूर्वी शंभरात आठ-दहा पळपुटे असायचे. गेल्या दोन महिन्यांत ते वाढत चौतीसवर गेले, तेव्हा सगळ्यांनी जुन्या पंपाला बोल लावला होता आणि म्हणूनच इनामदारला बोलावलं होतं.

"हवा काढली तरी पळतायत," इनामदार म्हणाला. "मग दोष हवेचा नाही, मॅडम. माझं बिल तुम्ही द्या, पण पंप बिचारा निर्दोष होता."

प्रणिता हसली नाही. तिने गाळणी बंद केली आणि बाद झालेल्या आयनांच्या मूळ नोंदी उघडल्या. सहा वर्षांत तिने त्या उघडल्या नव्हत्या. उघडायचं कारणच नव्हतं.

पहिली नोंद. आयन येतो, बावन्न लाखांच्या वजनाने येरझारा घालतो, आणि सेकंदाच्या चौसष्टाव्या सहस्रांशाला त्याचा वेग अचानक बदलतो. वजन एकोणपन्नास लाख. मग त्रेचाळीस. मग तो निसटतो. दुसरी नोंद तशीच. दहावी, विसावी, पन्नासावी, सगळ्या तशाच. हे आयन कशाला धडकून फेकले गेले नव्हते. सापळ्यात फिरता फिरता ती कवचं उसवत होती आणि आतलं जनुक बाहेर सांडत होतं. वजन घटलं की तोल जाऊन कवच बाहेर पडत होतं, आणि तिची गाळणी त्याची नोंद पुसून टाकत होती. जी कवचं शेवटपर्यंत टिकली त्यांचीच मोजदाद करून ती शंभरात एक्क्याण्णव म्हणत आली होती.

नमुना बर्फावर ठेवून थंडच मोजायचा, हीही इथली रीत होती. शरीर थंड नसतं. तिने नमुन्याचा एक थेंब सदतीस अंशांवर तासभर ठेवला आणि पुन्हा मोजला. साडेदहा वाजता पडद्यावर सदतीस लाखांचा डोंगर उंच झालेला होता आणि बावन्न लाखांचा खचला होता.

भरलेली त्रेचाळीस टक्के.

इनामदार तोवर हत्यारं गोळा करून चहाला गेला होता. खोलीत यंत्राच्या गुणगुणण्याशिवाय आवाज नव्हता.

दुपटीने औषध देणं हा मार्ग नव्हता. कवचांची एकूण संख्या आधीच यकृताच्या मर्यादेपर्यंत होती. आता करायचं ते लिहिलेलं होतं. गुणवत्ता विभागाचे प्रमुख डॉ. हळबे दोन खोल्या पलीकडे बसत. त्यांना सांगायचं, ते पाच रुग्णालयांना फोन करतील, पाचही बाटल्या परत येतील. पुढची खेप साडेतीन महिन्यांनी. उरलेली चार मुलं सात ते चौदा महिन्यांची होती, त्यांची तारीख गुरुवार-शुक्रवारची होती. ती थांबू शकत होती. थांबण्यातच त्यांचं भलं होतं. शार्वी साडेतीन महिन्यांनी पंचवीस महिने ओलांडून गेलेली असणार होती.

प्रणिता उठली आणि उपाहारगृहाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभी राहिली. तिथे कोणी नसे. तिने चेतनला फोन लावला.

चेतन आधी आनंदाने बोलत सुटला. शार्वीला पहाटेपासून उपाशी ठेवलंय पण रडली नाही, परिचारिकेच्या चष्म्याकडे बघत बसलीय, त्याच्या बायकोने, मयूरीने, सकाळपासून तीनदा प्रणिताची आठवण काढली, ताई तिथे आहेत म्हणून आपल्याला हे मिळालं असं तिच्या आईला फोनवर सांगत होती. प्रणिताने त्याला थांबवलं आणि मयूरीपासून दूर जायला सांगितलं. मग तिने सगळं सांगितलं. ती काहीही लपवून किंवा सौम्य करून सांगू शकत नसे. तिला तसं येतच नसे. चेतनचं निफाडला ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान होतं. जनुकं त्याला नवीन होती, पण शंभर नळ्यांतल्या सत्तावन्न फुटक्या निघाल्या तर काय होतं हे त्याला कोणी समजवावं लागलं नाही.

मग त्याने विचारलं, "थांबवलं तर पुढचं कधी?"

"साडेतीन महिन्यांनी."

"तेव्हा तिला दोन वर्षं उलटलेली असतील."

"हो."

"म्हणजे थांबवणं म्हणजे नाहीच."

"आज तरी तसंच आहे."

"आणि त्रेचाळीस टक्क्यांत काय होईल?"

तिने खरं ते सांगितलं. कोणालाच माहीत नाही. मान धरेल कदाचित. टेकून बसेल. कदाचित आजार नुसता आहे तिथे थांबेल. कदाचित तेही नाही.

"अर्धी तर अर्धी भाकरी, ताई," चेतन म्हणाला. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नसतं, असं बाबाच म्हणायचे ना."

"मयूरीला विचार."

"ती शार्वीला मांडीवर घेऊन बाकावर बसलीय. आत्ता तिला हे सांगून मी काय करू? उभी कोसळेल." त्याचा आवाज खाली गेला. "मला एवढंच सांग. आज सकाळी तुला हे कळलं नसतं, तर?"

"तर दोन वाजता दिलं गेलं असतं."

"मग तुला कळलं नाही असं धर. दोन वाजेपर्यंत. बाकीच्या पोरांचं मग तू थांबव ना. त्यांचं कुठे काय बिघडतंय?"

हा हिशोब तिने फोन लावायच्या आधीच केला होता, आणि त्याच्या तोंडून तो ऐकण्यासाठीच फोन लावला होता, हे तिला त्या क्षणी स्पष्ट कळलं. तिने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. परत येऊन यंत्रासमोर बसली.

तिला खोटं काही करावं लागलं नाही. अनुत्तीर्ण निकाल एका मोजणीवर वर पाठवायचा नाही, ही त्या प्रयोगशाळेची तिसरी रीत होती. एका चुकीच्या थेंबामुळे कोणाचं औषध अडू नये म्हणून ती पडली होती, आणि विश्लेषकाला तीनपर्यंत फेरमोजण्या करण्याची मुभा होती. बहुतेक जण एक करून मोकळे होत. प्रणिताने तीन करायच्या ठरवल्या. प्रत्येक वेळी नवा थेंब, तासभर सदतीस अंश, मग मोजणी. घाई नाही. पहिली फेरमोजणी: चव्वेचाळीस. दुसरी: बेचाळीस. मधल्या वेळात तिने डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि बंद केला. डॉ. हळबे दारावरून गेले, पंप कसा आहे असं त्यांनी विचारलं. पंप उत्तम आहे, असं ती म्हणाली. ते खरंच होतं.

सव्वादोनला चेतनचा निरोप आला. सुरू झालं, एवढाच.

अडीचला तिसरी मोजणी संपली. त्रेचाळीस. तिने चारही आकडे नोंदवले, वेळा यंत्राने आपणहून घातल्या होत्या, आणि कागद घेऊन ती डॉ. हळबेंच्या खोलीत गेली.

त्यांनी दोनदा वाचलं. चेहरा उतरला, पण पहिलं वाक्य तिच्या कौतुकाचं होतं. तीनदा करून आलात ते बरं झालं, एकदाच करून आला असतात तर मीच परत पाठवलं असतं, असं ते म्हणाले. मग त्यांनी एकामागून एक फोन लावले. चार ठिकाणी बाटल्या अजून गोठलेल्याच होत्या. पाचव्या फोननंतर त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"नाशिकचं मूल," ते म्हणाले. "सव्वादोनला सुरू झालं. वीस मिनिटांनी हुकलं हो, बोरसे. वीस मिनिटांनी."

डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला. ज्या मुलाचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं त्याच्यासाठी साठीला आलेला हा माणूस हळहळत होता. प्रणिता समोर उभी होती आणि तिला बसा म्हणावं हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

चौकशी झाली. शुद्धीकरणाच्या एका टप्प्यावर क्षाराचं प्रमाण दोन महिन्यांपूर्वी बदललं होतं, त्याने कवचांचे सांधे कच्चे राहत होते, असं निघालं. प्रणिताची गाळणी रद्द झाली. तिच्या जागी तिनेच नवी पद्धत लिहिली: नमुना शरीराच्या तापमानाला ठेवायचा, आणि पळपुट्यांसह प्रत्येक आयनाचा हिशोब द्यायचा. चौकशी अहवालात तिच्या काटेकोरपणाचा खास उल्लेख होता. तिन्ही फेरमोजण्यांच्या वेळा तिथे छापलेल्या होत्या आणि त्यांत कोणालाही वावगं काही दिसलं नाही.

शार्वीने महिन्याभरात मान धरली. चेतनने चित्रफीत पाठवली. पालथं घातल्यावर शार्वी मान उचलून समोरच्या मांजराकडे बघत होती, आणि मागून मयूरी हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात ती उशीला टेकून पाच मिनिटं बसू लागली. मग तिथेच थांबली. चौथ्या महिन्यात पाच मिनिटं, सहाव्यातही पाचच. व्यायाम शिकवणाऱ्या बाई दर आठवड्याला येत आणि सुधारणा हळूहळू होते असं म्हणत. चेतनने फोन करणं कमी केलं. केला तर तो हवापाण्याचं, द्राक्षांचं बोलायचा.

अठराव्या खेपेत भरलेली कवचं सत्त्याण्णव टक्के निघाली. प्रणिताने ती नव्या पद्धतीने चारदा मोजली. थांबलेल्या चौघांना औषध मिळालं. आणि मग जे झालं ते तिने कुठल्याच हिशोबात धरलं नव्हतं.

वयाची अट मुळात वयाची नव्हतीच, वजनाची होती, आणि वजनाची अट म्हणजे यकृताला पेलणाऱ्या कवचांच्या संख्येची. आजवर प्रत्येक डोसात रिकामी आणि कच्ची कवचं भरताड म्हणून जात होती, आणि यकृताला त्यांचंही ओझं वाहावं लागे. आता भरताड जवळजवळ उरलं नव्हतं. तेवढीच जनुकं बऱ्याच कमी कवचांत देता येत होती. म्हणजे अधिक वजनाच्या मुलालाही ती पेलली असती. हे प्रणिताच्याच आलेखांवरून कंपनीने तज्ज्ञांच्या समितीपुढे मांडलं, आणि सतरावी खेप अडल्यानंतर सातव्या महिन्यात मर्यादा दोन वर्षांवरून तीनवर गेली.

शार्वी तेव्हा एकोणतीस महिन्यांची होती.

बातमी आधी मयूरीने वाचली. त्या आजाराच्या पालकांचा एक गट होता, त्यावर लातूरच्या एका मुलीची चित्रफीतही होती. खाटेचा कठडा धरून उभी. त्या खेपेच्या थांबवलेल्या चौघांपैकी ती एक होती. मयूरीने प्रणिताला फोन केला. ताई, आता तीन वर्षांपर्यंत चालतंय, आपल्या शार्वीला पुन्हा नाही का देता येणार, तिला खराब खेपेतलं मिळालं होतं हे तर सगळ्यांना माहीत आहे. प्रणिताने प्रतिपिंडांचं सांगितलं. मयूरीने ते ऐकलेलं होतं. पण डॉक्टर म्हणाले होते की क्वचित एखाद्या मुलात ती कमी तयार होतात. तपासून बघायला काय हरकत आहे? आणि इतकी नाजूक तपासणी फक्त तुमच्या यंत्रावर होते, असंही तेच म्हणाले होते.

रक्त आलं. तपासणी साधी होती. रक्तातल्या द्रवात रिकामी कवचं मिसळायची आणि त्यांचं वजन करायचं. प्रत्येक प्रतिपिंडाचं वजन दीड लाख. कवचावर एक चिकटलं तर साडेअडतीस लाख, दोन चिकटली तर चाळीस. ज्या मुलाला औषध कधीच मिळालेलं नाही त्याच्या रक्तात डोंगर सदतीस लाखांवर जागचा हलत नाही. लातूरच्या मुलीचा, औषध मिळण्याआधी, हलला नव्हता.

शार्वीच्या रक्तात सदतीस लाखांवर एकही आयन नव्हता. प्रणिताने आलेख उजवीकडे सरकवला. पन्नास लाख, साठ, सत्तर. ब्याऐंशी लाखांवर तो डोंगर होता, रुंद आणि उंच. प्रत्येक कवचावर तीसेक प्रतिपिंडं. जनुक असो की नसो, त्या अकरा-बारा किलोच्या पोरीच्या शरीराने प्रत्येक कवचाशी इमानेइतबारे लढून त्याची ओळख लक्षात ठेवली होती. प्रणिताने मोजणी पुन्हा केली नाही.

त्या दिवशी एकच फेरमोजणी करून ती दोन खोल्या पलीकडे गेली असती तर हा डोंगर सदतीसवर असता.

रविवारी ती निफाडला गेली. चेतन तिला बसथांब्यावर घ्यायला आला आणि गाडी सुरू न करता हँडल धरून उभा राहिला. नाही जमणार एवढंच सांग, तो म्हणाला. प्रतिपिंडं आहेत म्हणून सांग. बाकी काढू नको. आता काढून काय मिळणार आहे?

ती गाडीवर मागे बसली.

शार्वी ओट्याजवळच्या खुर्चीत होती, छातीला रुंद पट्टा लावलेला. आत्याला बघून तिने बोटं हलवली. मयूरी तिला वरणभात भरवत होती. प्रणिताने कागद दाखवला, आकडे समजावले. मयूरी शेवटपर्यंत नीट ऐकत होती. मधूनच घास करत होती. ऐकून झाल्यावर तिने शार्वीचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं.

"असू दे," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं." मग थोडं थांबून, "डॉक्टर म्हणत होते, वीस मिनिटांचा फरक पडला. खरं का? वीस मिनिटं आधी कळलं असतं तर थांबवलं असतं?"

दारात उभा असलेला चेतन हलला. प्रणिता त्याच्याकडे न बघता बोलली.

"मला साडेदहाला कळलं होतं."

मयूरीला आधी अर्थ लागला नाही. साडेदहा, म्हणजे सकाळी? प्रणिताने मान हलवली. मग फेरमोजण्यांचं सांगितलं, तीन का केल्या ते सांगितलं. टाकीजवळून केलेल्या फोनचंही सांगितलं. किती वाजता, किती वेळ. तिला नेमकं आठवत होतं.

मयूरी नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं."

चेतन म्हणाला, तेव्हा दुसरा मार्ग नव्हता, दोन वर्षांचीच अट होती, कोणाला काय माहीत असं होईल म्हणून. ते सगळं खरं होतं आणि त्याने ते भराभरा सांगितलं. मयूरीने त्याला अडवलं नाही. त्याचं बोलणं आपोआप संपलं.

"मी पण कदाचित हेच म्हटलं असतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "अर्धं तर अर्धं द्या म्हटलं असतं. की थांबा म्हटलं असतं, काय माहीत. मी बाकावरच होते ना. तिला मांडीवर घेऊन. तुम्ही दहा पावलांवर उभे राहून फोनवर बोलत होतात. मला वाटलं दुकानाचं काहीतरी असेल."

शार्वीने वाटीकडे हात नेला, तो वाटेत थकून खाली आला.

"ताई, तुम्ही सगळं मोजलंत," मयूरी म्हणाली. "मला मात्र कोणी विचारलं नाही."

तिने पट्टा सोडवला. एक तळवा शार्वीच्या मानेमागे आणि दुसरा पाठीखाली देऊन, तान्ह्या मुलाला उचलतात तसं, त्या अडीच वर्षांच्या मुलीला तिने उचललं आणि आतल्या खोलीत निघून गेली. दार तिने लावून घेतलं नाही. लावलं असतं तर बरं झालं असतं, असं प्रणिताला वाटलं.